रेडिएटरच्या व्हेंटची शिट्टी थांबवताना
घर गरम ठेवणाऱ्या, एकाच पाइपवर चालणाऱ्या वाफेच्या रेडिएटरच्या व्हेंटमधून (हवा बाहेर सोडणाऱ्या छोट्या झडपेतून) हवा निघताना थोडी फुसफुस होणारच. रेडिएटर पूर्ण तापल्यावरही ती थांबली नाही, तर व्हेंट बिघडला असू शकतो.

पण लगेच व्हेंट बदलू नका, आधी बॉयलरचा दाब पाहा. घराला २ पीएसआयपेक्षा (पाउंड प्रति चौरस इंच) कमी दाब पुरतो. जास्त दाबाने नवा व्हेंटही शिट्टी मारतो. मग मुख्य पाइपवरचे व्हेंट तपासा. ते तुंबले की सगळी हवा खोल्यांतल्या छोट्या व्हेंटमधून निघते. बहुतेक गोंगाटाचं मूळ इथेच असतं!

व्हेंट बदलताना बॉयलर बंद, रेडिएटर गार हवा. नव्या व्हेंटच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा, तो सरळ उभा बसवा. व्हेंट पाणी थुंकत असेल, तर रेडिएटरला व्हॉल्व्हकडे, म्हणजे वाफ आत येते त्या टोकाकडे, किंचित उतार द्या.