जिनिव्हात ठरलं, जळगावात अडलं: मुक्त सॉफ्टवेअर आणताना या चुका टाळा

आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मुख्यालयातून पत्र येतं: पुढच्या आर्थिक वर्षापासून सर्व देशांतल्या कार्यालयांत वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस, नंतर टप्प्याटप्प्याने विंडोजच्या जागी लिनक्स. कारण बहुधा पटण्यासारखं असतं. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेची शैक्षणिक सवलत मायक्रोसॉफ्टने काढून घेतली तेव्हा परवाना शुल्क दहापटीहून जास्त वाढलं, आणि २०१९ मध्ये सर्नने पर्याय शोधण्याचा प्रकल्प जाहीर केला. अडचण निर्णयात नसते. जळगाव किंवा नंदुरबारच्या कार्यालयात दहा वर्षांपूर्वीची लाभार्थी यादी उघडली जाते, पडद्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो आणि 'हे सॉफ्टवेअर बेकार आहे' असा निकाल तिथल्या तिथे लागतो.

जुने फॉन्ट तसेच पुढे ओढणं

ही सगळ्यात महागडी चूक. श्रीलिपी किंवा डीव्ही-टीटी घराण्यातले जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार चढवतात. म्हणजे त्या फाइलीत मराठी कधी नव्हतंच, फक्त दिसत होतं. नव्या संगणकावर तोच फॉन्ट टाकला की दोन दिवस सगळे खूश. पण शोध लागत नाही, नावं अकारविल्हे लागत नाहीत आणि मुख्यालयाच्या डेटाबेसात तोच काला पोचतो.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, रूपांतर स्थलांतराच्या आधी करा, आणि नेहमी प्रतीवर करा. आधी फॉन्टचं नेमकं नाव पाहा. एकाच फाइलीत मथळ्याला एक आणि तक्त्याला दुसरा फॉन्ट असं सर्रास आढळतं. प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा असल्यामुळे चुकीचा कन्व्हर्टर लावला तर निम्मं बरोबर आणि निम्मं चुकीचं येतं, आणि ते निम्मं चुकीचं नजरेतून सुटतं. तपासायला गावांची नावं उत्तम: 'शिरपूर'मध्ये ऱ्हस्व वेलांटी, 'अक्कलकुवा'मध्ये जोडाक्षर, 'तऱ्हाडी'मध्ये अर्धा र, 'पूर्णा' नदीत रफार. ही चार नीट आली की बाकी बहुतेक नीट येतं.

तक्त्यांत आणखी एक खोच आहे. जुन्या फॉन्टमध्ये '१२००' दिसतं, पण आत साधा इंग्रजी 1200 हा आकडाच असतो. पूर्ण पानावर कन्व्हर्टर फिरवला की रक्कम मजकूर बनते आणि बेरीज शून्य येते. म्हणून फक्त नाव-गावाच्या रकान्यांचं रूपांतर करा. रकमेच्या रकान्याचा नुसता फॉन्ट बदला.

यानंतर हमखास तक्रार येते की लिब्रेऑफिसमध्ये फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षर बदलत नाही. लिब्रेऑफिस देवनागरीला 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या गुंतागुंतीच्या लिप्यांच्या गटात धरतं आणि तिचा फॉन्ट व आकार इंग्रजीपेक्षा वेगळा ठेवतं. भाषेच्या पर्यायांत ही सोय चालू करून मराठी निवडा. अक्षरांच्या चौकटीत इंग्रजी आणि मराठी दोन्हीकडे फॉन्ट ठरवा आणि तो साचा सगळ्या संगणकांवर एकदाच पाठवा. मंगल हा विंडोजसोबत येणारा फॉन्ट. तो नसला की अक्षरांची रुंदी बदलते आणि एका पानाचं पत्र दीड पानावर जातं. देवनागरीसाठी नोटो सान्स किंवा मुक्ता ठरवून टाका. इंग्रजी मजकुरात कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या जागी कॅलाडिया चालतात. त्यांची रुंदी मुद्दाम तेवढीच ठेवली आहे.

टंकलेखकांवर इन्स्क्रिप्ट हा कळफलक लादू नका. ज्यांची बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळफलकावर बसली आहेत त्यांना लिनक्सवरच्या आयबस आणि एम१७एन या टंकनसाधनांत तो आराखडाही मिळतो.

आधी लिनक्स, मग बाकीचं

क्रम उलटा हवा. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने २००५ मध्ये लिब्रेऑफिसचं पूर्वरूप असलेलं ओपनऑफिस आणलं, पाठोपाठ फायरफॉक्स ब्राउझर आणि ईमेलसाठी थंडरबर्ड. लिनक्सला हात २००८ मध्ये घातला. तोवर लोकांच्या हाताला रोजची साधनं बसली होती, बदलला तो फक्त तळ. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये निर्णय घेतला, २०१३ पर्यंत जवळपास १५ हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परत फिरायचं ठरवलं. तिथे राजकारण होतंच. पण विभागागणिक विखुरलेली संगणक व्यवस्था आणि बाहेरून येणाऱ्या ऑफिस फाइलींची कटकट हेही तितकंच खरं.

लिनक्स घालण्याआधी प्रत्येक टेबलाची यादी करा. हिशेबाचं टॅली आहे का? असेल तर तो संगणक विंडोजवरच ठेवा. वाइनमध्ये, म्हणजे विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या साधनात, चालवून मार्चअखेरला हात पोळून घेण्यात अर्थ नाही. डिजिटल सहीच्या टोकनला लिनक्स ड्रायव्हर आहे का? एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, किती? एक्सेलच्या व्हीबीए भाषेतले साधे मॅक्रो बरेचसे चालतात. अ‍ॅक्टिव्हएक्सची बटणं किंवा आउटलुकला हाक मारणारे मॅक्रो चालत नाहीत. आणि प्रिंटर! जिल्ह्याजिल्ह्यात दिसणारा कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर हट्टी आहे. एचपी १०२० ला एचपीएलआयपी या ड्रायव्हरचं वेगळं प्लगइन घालावं लागतं. पहिल्या सोमवारी प्रिंट निघाली नाही, तर पुढचं कुणी ऐकून घेत नाही.

फाइलींचा नियमही आधीच जाहीर करा. आतलं काम ओडीएफ या लिब्रेऑफिसच्या मुक्त फाइल-प्रकारात, बाहेर जाणारं अंतिम पत्र पीडीएफमध्ये. वर्डची फाइल फक्त दोन्हीकडून दुरुस्ती होणार असेल तेव्हाच. तीच फाइल वर्ड आणि लिब्रेऑफिसमध्ये आलटून पालटून जतन केली की आधी क्रमांकन बिघडतं, मग तक्ते.

दुर्गम धडगावला वायफाय आहे असं गृहीत धरणं

सर्वेक्षणासाठी बऱ्याच आंतरराष्ट्रीय संस्था फोनवर फॉर्म भरण्याची ओडीके किंवा कोबोटूलबॉक्स ही साधनं वापरतात. दोन्ही मुक्त आहेत आणि नेटवर्कशिवाय चालतात. मग डेटा जातो कुठे? स्वयंप्रेषण 'फक्त वायफाय'वर ठेवलेलं असतं, म्हणून भरलेले फॉर्म फोनमध्येच पडून राहतात. कुणीतरी अ‍ॅप काढून पुन्हा टाकतं आणि ते फॉर्म कायमचे पुसले जातात. प्रेषण मोबाइल डेटावरही चालू ठेवा. 'ड्राफ्ट' राहिलेला फॉर्म पाठवलाच जात नाही, हेही रोज संध्याकाळी तपासा.

सर्वेक्षण सुरू असताना प्रश्नाचं अंतर्गत नाव, म्हणजे डेटातल्या रकान्याचं नाव, बदलू नका. शब्दरचना बदलली तर चालतं. नाव बदललं की नवा रकाना तयार होतो आणि त्याच प्रश्नाची उत्तरं दोन ठिकाणी विभागली जातात. सातपुड्यात पावरी किंवा भिली बोलणाऱ्या घरांत मराठी प्रश्न नुसता वाचून दाखवून भागत नाही. फॉर्मला ध्वनिफीत जोडता येते, पण ही सोय फार थोडे वापरतात.

फुकट आहे म्हणून तरतूद शून्य

परवान्याचे वाचलेले पैसे प्रशिक्षण, देखभाल आणि तांत्रिक आधाराच्या करारावर खर्च व्हायलाच हवेत. मोठ्या वापरासाठी आधारासह मिळणारी आवृत्ती घ्या, असं लिब्रेऑफिसमागची डॉक्युमेंट फाउंडेशन स्वतःच सांगते. सर्व्हर निवडतानाही आधार कुठवर आहे आणि तो कोणाच्या हातात आहे ते पाहा. सर्व्हरसाठीच्या सेंटओएस ८ या लिनक्सवर २०२९ पर्यंत निर्धास्त राहता येईल असं धरून बसलेल्यांना डिसेंबर २०२० मध्ये कळलं की तो २०२१ अखेर संपणार.

परवान्यांबद्दल थोडक्यात. जीपीएल या मुक्त परवान्याखालचं सॉफ्टवेअर बदलून स्वतःच्या संस्थेत वापरणं म्हणजे वितरण नव्हे. पण भारतातली शाखा वेगळी नोंदणीकृत संस्था असेल, तर तिला दिलेली प्रत वितरण ठरू शकते आणि सोबत सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, द्यावा लागतो. एजीपीएल या आणखी कडक परवान्यात बदललेलं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही सोर्स मिळाला पाहिजे.

केलेले बदल स्वतःजवळ साठवू नका, मूळ प्रकल्पाकडे पाठवा. नाहीतर दर नव्या आवृत्तीला तेच ठिगळ पुन्हा शिवावं लागतं. त्रुटी नोंदवायचा अधिकार जिल्हा कार्यालयालाही द्या. मराठीतला दोष मुख्यालयातल्या माणसाला दिसणारच नाही. नमुना फाइल जोडताना मात्र लाभार्थ्यांची नावं आणि आधार क्रमांक काढून टाका, कारण ती नोंद साऱ्या जगाला उघडी असते.