अडसर कुठे घालावा : कथेतील उत्कंठेची बांधणी

म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो आणि तिला खाऊ पाहतो, तेव्हा ती त्याला सांगते की लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होऊन येईन, मग तू मला खा. ही गोष्ट ऐकणारे मूल त्यानंतर तूप-रोटीकडे लक्षच देत नाही. ते परतीच्या वाटेकडे डोळे लावून बसते, आणि म्हातारी जसजशी जाडजूड होत जाते तसतसा त्याचा जीव खालीवर होतो. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’च्या या एवढ्याशा गोष्टीत उत्कंठेचे जवळजवळ सगळे यंत्र आलेले आहे. धोका आधीच सांगितलेला आहे, तो पुढे ढकललेला आहे, त्याला मुदत घातलेली आहे आणि घरी यायची वाट एकच आहे. ऐकणाऱ्यापासून काहीही लपवलेले नाही. भोपळ्यात कोण बसले आहे हे मुलाला ठाऊक असते. ठाऊक नसते ते वाघाला.

गूढकथा लिहायला बसणारा मात्र बहुधा नेमके उलटे करतो. ‘सस्पेन्स’ हा शब्द आपण रहस्यासाठीही वापरतो आणि उत्कंठेसाठीही, त्यामुळे गोष्ट जितकी लपवावी तितकी ती रंगेल अशी समजूत होऊन बसते. रहस्यात वाचक मागे वळून विचारतो की हे कोणी केले. उत्कंठेत तो पुढे पाहून विचारतो की आता हे होणार का, आणि कधी. मी लिहिलेल्या पहिल्या कथेत नायकाच्या घरातली बाई मुळात जिवंतच नाही, ही गोष्ट मी शेवटच्या ओळीपर्यंत दाबून ठेवली होती. ती कथा वाचून माझी आत्या म्हणाली, “हे आधी का नाही सांगितलंस? मी घाबरले तरी असते.” कथालेखनाबद्दल मला मिळालेला तो सर्वांत उपयोगी अभिप्राय आहे. शेवटच्या ओळीतला धक्का एका ओळीपुरता टिकतो. पहिल्या पानावर सांगितलेली भीती पुढची सगळी पाने वाचकाच्या मानगुटीवर बसते.

हे तंत्र शिकण्यासाठी एकच कथा हाती घ्यायची असेल, तर डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स या इंग्रज लेखकाची १९०२ साली प्रसिद्ध झालेली ‘द मंकीज पॉ’ घ्यावी. पुढे मी तिचा शेवटही सांगणार आहे. तिची वीण अशी आहे की शेवट कळल्याने ती फारशी उसवत नाही. थंड, पावसाळी रात्री व्हाइट नावाचे म्हातारे गृहस्थ आपल्या मुलाशी, हर्बर्टशी, बुद्धिबळ खेळत आहेत आणि त्यांची बायको शेकोटीशी विणत बसली आहे. हिंदुस्थानात एकवीस वर्षे काढून आलेला मॉरिस नावाचा सार्जंट मेजर पाहुणा म्हणून येतो. त्याच्याजवळ माकडाचा एक वाळलेला पंजा आहे. एका फकिराने त्यावर मंत्र घातला आहे. तीन माणसांना त्याच्याकडे प्रत्येकी तीन इच्छा मागता येतात, आणि माणसाने नशिबात ढवळाढवळ केली तर त्याला पस्तावावे लागते हे त्या फकिराला दाखवून द्यायचे होते. पंजाच्या पहिल्या मालकाने तिसऱ्या इच्छेत मरण मागितले, हेही मॉरिस सांगून टाकतो. इतकेच काय, तो पंजा शेकोटीत फेकतोही, आणि व्हाइट तो घाईघाईने बाहेर काढून घेतात.

कथेचा पहिला भागही अजून संपलेला नसताना वाचकाला जवळजवळ सगळे समजलेले आहे. आता तो फक्त हिशेब करत बसतो: इच्छा तीन. आकडा नेमका असण्याचे महत्त्व इथे कळते. व्हाइट ‘भरपूर पैसे’ मागत नाहीत. घराचे देणे फेडण्यापुरते दोनशे पौंड मागतात. दुसऱ्या दिवशी हर्बर्ट कामावर जातो, आणि मग एक नीटनेटका, रेशमी हॅट घातलेला अनोळखी माणूस फाटकाशी तीनदा घुटमळून चौथ्यांदा आत येतो. कारखान्यातल्या यंत्रात सापडून हर्बर्ट गेल्याची बातमी तो देतो, कंपनी जबाबदारी नाकारते असेही सांगतो, पण त्याच्या नोकरीची जाण ठेवून काही रक्कम देऊ इच्छिते म्हणतो. व्हाइट विचारतात, “किती?” त्या प्रश्नाचे उत्तर यायच्या आत वाचकाने ते स्वतःच उच्चारलेले असते. एका ओळीच्या या आघाडीवर सगळा प्रसंग उभा आहे. रक्कम मोघम ठेवली असती, तर हा केवळ एक दुःखद योगायोग ठरला असता. म्हणून आपल्या कथेत जी अट, जी मुदत, जे अंतर असेल ते आकड्यात सांगावे, आणि लवकर सांगावे.

मात्र धोका सांगून झाला की लेखकाने त्याच्याकडे पाठ फिरवावी. जेकब्स त्या काळी मुख्यतः बंदरावरच्या खलाशांच्या विनोदी कथांसाठी प्रसिद्ध होते, आणि तो हात इथे कामी आलेला दिसतो. हर्बर्ट पंजाची सतत थट्टा करतो: पैशांची थैली पलंगाच्या मधोमध सापडेल आणि ती उचलताना कपाटावर बसलेले काहीतरी भयंकर तुमच्याकडे पाहत असेल, असे तो बापाला चिडवतो. सकाळी निघताना, मी येईपर्यंत पैशाला हात लावू नका, असे सांगून जातो. पहिल्या वाचनात ही थट्टा असते. दुसऱ्या वाचनात तिच्यावर बोट ठेववत नाही. शर्ली जॅक्सन यांनी १९४८ साली ‘न्यू यॉर्कर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉटरी’त तर संपूर्ण कथा अशा रोजच्या गोष्टींनीच झाकली आहे. जून महिन्यातली स्वच्छ सकाळ, चौकात जमलेले गावकरी, पेरणीपाण्याच्या आणि करांच्या गप्पा. फक्त सुरुवातीलाच शाळकरी पोरे खिशात दगड भरतात आणि चौकाच्या कोपऱ्यात त्यांचा ढीग रचतात. लेखिका त्यावर काही बोलत नाही आणि पुढे जाते. चिठ्ठी कोणाच्या नावे निघते आणि ते दगड कशासाठी असतात हे शेवटी कळते तेव्हा वाचकाला फसवले गेल्याची तक्रार करता येत नाही, कारण दगड सगळा वेळ त्याच्या डोळ्यांसमोरच होते.

आता खरे कसब. धोका जवळ आला की वेळ लांबवायचा असतो, आणि इथेच बहुतेक हस्तलिखिते ढासळतात. लांबवायचे म्हणजे वारा सुसाट सोडायचा, कुत्री रडवायची आणि चंद्र ढगाआड घालायचा, असा समज आहे. त्याने पाने भरतात; वाचक ती उलटतो. लांबण कृतीत असावी, आणि प्रत्येक कृती पात्राला धोक्याच्या एक बोटभर जवळ किंवा एक बोटभर दूर नेणारी असावी. एडगर ॲलन पो यांच्या १८४३ सालच्या ‘द टेल-टेल हार्ट’मधला निवेदक आपण म्हाताऱ्याचा खून केला हे आरंभीच सांगून बसतो. सात रात्री तो मध्यरात्री म्हाताऱ्याच्या खोलीचे दार इंचाइंचाने उघडतो आणि परत जातो. आठव्या रात्री कंदिलाच्या पत्र्याच्या खिटीवरून त्याचा अंगठा घसरतो, म्हातारा “कोण आहे?” म्हणून उठून बसतो, आणि मग तासभर दोघेही अंधारात निश्चल राहतात, एक ऐकत आणि दुसरा त्या ऐकणाऱ्याला ऐकत. घसरलेला अंगठा ही त्या प्रसंगातली एकच घटना आहे, आणि सगळा तास तिच्यावर तोलला आहे. याच्या उलट घाईची जागाही ओळखता आली पाहिजे. ‘स्पेकल्ड बँड’ या शेरलॉक होम्सच्या कथेत होम्स आणि वॉटसन अंधारात पहारा देत बसतात तेव्हा कॉनन डॉयल चर्चच्या घड्याळाचे बारा, एक, दोन, तीन असे ठोके एकाच वाक्यात वाजवून मोकळे होतात. त्या तासांत काही बदलत नाही, म्हणून त्यांना एक वाक्य पुरते.

जेकब्स यांच्या शेवटच्या भागाकडे परत येऊ, कारण तो संथ वाचण्यासारखा आहे. हर्बर्टला दोन मैलांवरच्या दफनभूमीत पुरून काही दिवस झाले आहेत. एका रात्री आईला आठवते की अजून दोन इच्छा शिल्लक आहेत, आणि ती नवऱ्याला मुलगा परत मागायला लावते. काहीच घडत नाही. मेणबत्ती विझते. घड्याळाची टिकटिक, जिन्याची करकर, भिंतीतून पळणारा उंदीर, एवढेच ऐकू येते. व्हाइट काडी ओढत मेणबत्ती आणायला खाली उतरतात, जिन्याच्या पायथ्याशी काडी विझते, दुसरी ओढायला ते थांबतात आणि त्याच क्षणी दारावर ऐकू येईल न येईल इतकी हलकी थाप पडते. मग दुसरी, आणि व्हाइट पळत वर खोलीत परततात; मग घरभर घुमणारी तिसरी. आईला उलगडा होतो: आपण विसरलोच होतो की दफनभूमी दोन मैलांवर आहे. ते अंतर आधी सहज सांगून ठेवले होते; आता कोणीतरी ते चालून आले आहे. ती खाली धावते. साखळी खळखळते, खालची कडी जड जड सरकते, पण वरच्या कडीला तिचा हात पुरत नाही. ती नवऱ्याला हाक मारते. तो वर खोलीत गुडघ्यांवर रांगत, अंधारात जमीन चाचपत पंजा शोधतो आहे. खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. कडी करकरत सरकू लागते, त्याच क्षणी पंजा त्याच्या हाताला लागतो आणि तो शेवटची इच्छा मागतो.

इथली प्रत्येक वस्तू घरातली आहे: काडी, साखळी, कडी, खुर्ची. मराठीत दाराच्या आडव्या दांड्याला आणि अडथळ्याला ‘अडसर’ हा एकच शब्द आहे, आणि उत्कंठेचे दृश्य बांधताना तो दोन्ही अर्थांनी जवळ ठेवावा. अडसर असा असावा की पात्राला तो हटवता येईल, पण लगेच नाही. आईचा हात मुळीच पोहोचणार नसता तर भीती संपली असती. सहज पोहोचला असता तरी संपली असती. खुर्ची आणायला लागतो तेवढाच वेळ बापाला मिळतो. पण या दृश्याचे बळ अडसरापेक्षाही एका दुसऱ्या गोष्टीत आहे, आणि ती अनुकरणाला सर्वांत अवघड आहे. दार उघडावे असे आईला मनापासून वाटते, उघडू नये असे बापाला मनापासून वाटते, आणि दोघांचेही म्हणणे आपल्याला पटते. यंत्रात चिरडून गेलेले शरीर बापाने पाहिले आहे, आणि इतके दिवस जमिनीखाली राहून ते कसे झाले असेल हे त्याला कळते. आई त्याला फक्त हर्बर्ट म्हणून ओळखते. एकाच्या हाती कडी, दुसऱ्याच्या हाती पंजा. खलनायक कोणीच नाही. ज्या कथेत वाचकाची फक्त एकच इच्छा असते, ती कथा पाठलागासारखी पुढे पळते खरी, पण इतकी खोल जात नाही.

शिवाय लेखकाने स्वतःला कुठे उभे केले आहे हेही पाहावे. निवेदन या वेळी बापासोबत माडीवर आहे, त्यामुळे दार आपल्याला दिसत नाही, फक्त ऐकू येते. थापा थांबतात, आईचा आक्रोश ऐकून बाप खाली धावतो, फाटकापर्यंत जातो, आणि समोर दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात निर्मनुष्य रस्ता असतो. दाराबाहेर कोण होते, किंवा कोणी होते का, हे जेकब्स सांगत नाहीत. नवख्या लेखकाला इथे एक परिच्छेद लिहिण्याचा मोह होतो. तो लिहून झाला तर खोडावा.

कथा पुरी झाल्यावर पेन्सिल घेऊन दोन खुणा कराव्यात: वाचकाला पहिली शंका जिथे येते तिथे एक, आणि संकट जिथे प्रत्यक्ष कोसळते तिथे दुसरी. पहिली खूण कथेच्या निम्म्यानंतर येत असेल, तर सांगण्याची गोष्ट दडवली गेली आहे. ती उचलून पहिल्या दोन पानांत आणावी. दोन्ही खुणा एकमेकींना चिकटलेल्या असतील, तर मध्ये बुद्धिबळ, विणकाम, थट्टा यांपैकी काहीच नाही असे समजावे. शेवटच्या प्रसंगात उपयोगी पडणारी प्रत्येक वस्तू आधी एकदा बिनमहत्त्वाची म्हणून येऊन गेली आहे का, हेही मागे जाऊन पाहावे. हे पेरणे पहिल्या खर्ड्यात क्वचितच साधते. ते उलट्या दिशेने, शेवट लिहून झाल्यावर करायचे काम आहे. मग कथा कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावी आणि आपल्या वाक्यांकडे नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या हातांकडे पाहावे. चहाचा कप जिथे ओठांपर्यंत न जाता हातात थांबतो ती जागा बरोबर आहे. जिथे मोबाइल उचलला जातो तिथे लांबण फुकट गेली आहे.

सरावासाठी तीनशे शब्दांचा एक प्रसंग लिहावा. गावाकडचे घर, लाइट गेलेली, घरात सासू आणि सून. मुलगा शेवटच्या एसटीने येणार म्हणून सासू जागी आहे. एसटी तालुक्याहून सुटलीच नाही, असा मुलाचा फोन संध्याकाळी सुनेला येऊन गेला आहे, पण म्हातारी काळजी करत बसेल म्हणून तिने तो अजून सांगितलेला नाही. ही गोष्ट वाचकाला पहिल्या तीन वाक्यांत सांगून टाकावी. मग दाराची कडी वाजवावी, सासूला उठवावे, आणि सून न्हाणीघरात असताना अडसराला हात घालायला लावावे. दाराबाहेरच्या माणसाचे पाऊलसुद्धा दाखवू नये.