कोची-कोझिकोड : ८-१० जणांची अभ्याससहल कशी आखायची

पहिलं म्हणजे ग्रुप दहाच्या वर नेऊ नका, कारण कोचीतल्या मट्टनचेरी या जुन्या भागाच्या गल्ल्यांमध्ये वीस माणसं घुसली की मागच्यांना गाईडचं काही ऐकूच येत नाही. कोचीला तीन दिवस द्या. १५६८ चं परदेसी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद असतं म्हणून वार बघूनच तिकिटं काढा. जवळच डच पॅलेस आहे, नाव डच पण बांधला पोर्तुगीजांनी, तिथली रामायणाची भित्तीचित्रं घाईत उरकू नका, एकेकाला एकच भिंत वाटून द्या आणि अर्धा तास फक्त बघायला सांगा, मग बोला. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरलं होतं, नंतर अवशेष पोर्तुगालला नेले. आणि हो, मट्टनचेरीतल्याच चेरलाईत कोकणी बोलणारी सारस्वत कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांच्याशी गप्पा मारल्याशिवाय परत येऊच नका, आपले कान लगेच टवकारतात.

मग सकाळच्या ट्रेनने कोझिकोड, चारेक तास. तिथे कुट्टीचिराच्या तळ्याकाठची मिश्कल मशीद बाहेरूनच बघा, मिनार नाही, वर कौलारू मजले, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी जाळली होती. पुढे बेपोरला लाकडी उरू जहाजं बांधतात, सुतारांना आधी विचारून मगच फोटो काढा. संध्याकाळी मिठाई तेरुवू या बाजाराच्या रस्त्यावर गरम हलवा, तो सुरीने कापताना थरथरतो ते मला फार आवडतं.

रोज रात्री अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसून वहीत लिहायचं, हे अजिबात चुकवू नका.