डिरेक्शन टीममध्ये शिरताना काय मागून घ्यायचं

दिग्दर्शनात येऊ पाहणाऱ्या मुली बहुतेक एकच विचारतात, असिस्ट कुणाला करू? त्याच्याही आधी हे विचारा की तिथे गेल्यावर हातात काम कोणतं पडणार आहे. मोठ्या नावाच्या युनिटमध्ये सहावी एडी (सहाय्यक दिग्दर्शक) होण्यापेक्षा छोट्या फिल्मवर दुसरी एडी व्हा, असं मी बेलाशक सांगेन.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण एकच आहे. मराठी सिनेमाचं बजेट बेताचं, त्यामुळे डिरेक्शन टीम चार-पाच जणांची. पहिल्याच मीटिंगला कामं वाटली जातात. चीफ, म्हणजे मुख्य एडी, शेड्युल घेतो, कुणी क्लॅप, कुणी फ्लोअर, कुणी प्रॉपर्टी. मग टीममधल्या मुलीकडे वळून म्हणतात, "कॉस्च्युम तू बघ, तुला त्यातलं चांगलं कळतं." कौतुकाच्या सुरात आलेलं असतं, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. मला ते असंच मिळालं. पुढच्या फिल्मला "हिने आधी केलंय" म्हणून मिळालं. त्यानंतर मला काय हवंय, हे कुणी विचारेनासंच झालं.

काम हलकं आहे असं अजिबात नाही. नायक घरातून निघतो तो सीन पहिल्या आठवड्यात शूट होतो आणि तो रस्त्यावर येतो तो सीन तिसऱ्या आठवड्यात. उजवी बाही दोन घड्या वर होती की तीन, गळ्याशी बटण उघडं होतं का, घड्याळ कुठल्या हातात होतं, हे तुमच्या फोटोंत आणि वहीत नसेल तर एडिटला जंप दिसणारच. पण हे काम करणारी मुलगी दिवसभर असते कुठे? व्हॅनिटीत, ड्रेसदादांशेजारी. पुढच्या सीनची साडी इस्त्रीला आहे, ब्लाउज ऐनवेळी उसवायचाय, आणि वॉकीवर सारखं "आर्टिस्टला अजून किती वेळ?" त्याच वेळी तिकडे मॉनिटरपाशी दिग्दर्शक आणि डीओपी (छायाचित्रण सांभाळणारे) यांचं वाजलेलं असतं. उजेड तासाभराचाच उरलाय, मास्टर, म्हणजे अख्खा सीन दाखवणारा मोठा शॉट, घ्यायचा की तो सोडून थेट आईचा क्लोज घ्यायचा? मास्टर सोडला तर एडिटला काय अडेल? दिग्दर्शन शिकायचं ते या दहा मिनिटांत, आणि तेव्हा तुम्ही सेटवर नसता.

याचा फटका लगेच कळत नाही. नावापुढे फिल्म जमत जातात, लोक ओळखू लागतात, आणि एक दिवस चीफच्या कामासाठी बोलावणं येतं. समोर स्क्रिप्ट ठेवतात आणि ब्रेकडाउन मागतात. प्रत्येक सीनचं लोकेशन, दिवस की रात्र, कोण आर्टिस्ट, किती ज्युनिअर, गाडी, प्रॉपर्टी. मग आर्टिस्टच्या तारखा आणि लोकेशनचं भाडं सांभाळून सगळ्याचं शेड्युल बसवायचं. हे कुणी शिकवलेलंच नसतं. मला ते रात्री घरी बसून, जुन्या कॉल शीट (रोजच्या शूटिंगचे आखणीचे कागद) उलट्या वाचत शिकावं लागलं. अजूनही नवीन स्क्रिप्ट हातात आली की आधी पोटात गोळा येतो.

म्हणून पहिल्या मीटिंगलाच सांगा, "मला स्क्रिप्ट कंटिन्युइटी द्या." कॉस्च्युम गळ्यात पडलंच, तर ते एका शेड्युलपुरतं, म्हणजे शूटिंगच्या एका टप्प्यापुरतं, असं ठरवून घ्या. कंटिन्युइटीवालीला मॉनिटरपाशीच बसावं लागतं. लेन्स, टेकचा नंबर, बदललेला शब्द, कुठला टेक ओके, सगळं ती लिहिते. त्याच पानावर स्वतःसाठी एक रकाना आखा आणि दिग्दर्शकाने हा टेक का ठेवला असावा, याचा आपला अंदाज लिहा. नंतर एडिटला बसू द्या म्हणून मागे लागा आणि तो रकाना पडताळा. एडिटला बसू न देणाऱ्याला मी गुरू मानत नाही, मग तो सेटवर कितीही प्रेमाने वागो. दोन दिवसांच्या वर्कशॉपवर पैसे घालवण्याआधीही याचा विचार करा. तिथे ओळखी होतात, बाकी फारसं नाही.

आणि वय निघून चाललंय म्हणून घाबरू नका. सुमित्रा भावे समाजकार्याच्या अभ्यासक, सिनेमाचं शिक्षण शून्य. 'बाई' हा लघुपट त्यांनी १९८५ मध्ये केला तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. सुनील सुकथनकरांबरोबरचा 'दोघी' आला १९९५ मध्ये, आणि 'कासव'ला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ जाहीर झालं तेव्हा त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. सई परांजपे आकाशवाणी, राष्ट्रीय नाट्य विद्यालय, दूरदर्शन असा प्रवास करून १९८० च्या 'स्पर्श'पर्यंत पोचल्या. दोघींपैकी कुणीही एडीच्या रांगेत उभं राहून दिग्दर्शक झालं नाही. त्यामुळे चीफ होईपर्यंत थांबायचं, हा नियम तुम्हीही मानू नका. मधल्या रिकाम्या महिन्यांत फोनवर का होईना, स्वतःचा लघुपट करा. कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवण्याची सवय दुसऱ्याच्या सेटवर लागत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. कथा कुणालाही ऐकवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवा, ते ऑनलाइन होतं. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच, सेटही त्यातून सुटत नाही. समितीवर कोण आहे आणि रात्रीच्या पॅकअपनंतर घरी सोडायला गाडी आहे का, हे दोन्ही रुजू होण्याआधी विचारा. विचारल्यामुळे काम हातचं गेलं तर जाऊ द्या, खरंच जाऊ द्या. पैशांचे हप्ते आणि टायटलमध्ये नावापुढे काय लागणार, हे लेखी मागा. लेटर द्यायला टाळाटाळ झाली तर "आपलं ठरल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून सगळं तुम्हीच मेलवर लिहून पाठवा, आणि तेही शूट सुरू होण्याआधी. पॅकअपनंतर त्या मेलला कुणी उत्तर देत नाही.