ड्राइव्ह बदलण्याआधी

भोसरीत मेंटेनन्सला लागलेल्या पोराला शुक्रवारची सकाळ लवकर ओळखीची होते. गुरुवार हा एमआयडीसीचा सुट्टीचा वार. बऱ्याच शेडमध्ये दिवसभर मेन स्विच खाली ओढलेला असतो, आणि शुक्रवारी पहिल्या शिफ्टला कुठल्यातरी स्क्रीनवर अलार्म ठरलेला. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक करून मी आलो तेव्हा मला वाटायचं, अलार्म ज्या ड्राइव्हवर, म्हणजे मोटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर आला, खराब तोच. हा समज मोडायला दोन ड्राइव्ह गेले. त्यातला दुसरा कोरा होता.

मशीन व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, कंट्रोल फॅनुक कंपनीचा, आत अल्फा-आय मालिकेचे ॲम्प्लिफायर, म्हणजेच ड्राइव्ह. पॅनेल उघडलं की ओळीत आधी पॉवर सप्लाय, मग स्पिंडलचा, मग सर्वोचा, म्हणजे ॲक्सिस सरकवणाऱ्या मोटरांचा. सर्वोच्या तोंडावर एक इवलासा डिस्प्ले असतो. सगळं ठीक असेल तर ०, अजून तयार नसेल तर आडवी रेघ. बी म्हणजे पहिल्या ॲक्सिसच्या मोटरकडे भलताच करंट चाललाय, सी म्हणजे दुसऱ्या. स्क्रीनवर तेव्हा ४३८ नंबरचा अलार्म असतो. स्क्रीनवरचा नंबर सगळेच लिहून घेतात, पॅनेलमधली ही खूण फार थोडे बघतात. त्यात ऑपरेटरने तोवर दोनदा मशीन बंद-चालू करून बघितलेलं असतं, म्हणजे खूणही गेली. मग काय, अंदाजपंचे दाहोदरसे.

माझा समज मोडला त्या रात्री सी होता, वाय ॲक्सिस. स्टोअरमध्ये स्पेअर होता आणि सुपरवायझर डोक्यावर उभा. अर्ध्या तासात बदलला, मशीन चाललं, चहासुद्धा झाला. तासाभराने पुन्हा सी, आणि या वेळी पॅनेलमधून फट् असा आवाज आणि जळका वास. सकाळी आमचे जुने इलेक्ट्रिशियन काका आले. त्यांनी ड्राइव्हकडे बघितलंही नाही. कव्हर सरकवलं, वाय मोटरचा पॉवर कनेक्टर सोडला आणि तळहातावर उलटा केला. दोन थेंब पडले, दुधी, कूलंटचे. "मेगर कुठं ठेवलास रे?" एवढंच विचारलं.

मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, कपाटात होता. त्या रात्री तो बाहेरच आला नव्हता.

आता माझा क्रम ठरलेला आहे. मेन बंद, त्याला कुलूप, आणि ॲम्प्लिफायरवरचा लाल चार्ज दिवा विझेपर्यंत हात खिशात. डीसी लिंकवर तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि मेन गेल्यावरही कपॅसिटर ते धरून बसतो. दिवा विझला तरी मीटर लावून खात्री करायची. मग मोटरच्या यू, व्ही, डब्ल्यू वायरी ॲम्प्लिफायरवरून सोडायच्या आणि ५०० व्होल्टच्या मेगरने वायरी आणि अर्थ यांच्यामधलं इन्सुलेशन मोजायचं. १०० मेगओहम किंवा वर आलं तर मोटर निर्धास्त. १० ते १०० म्हणजे झिजायला सुरुवात. १ ते १० म्हणजे नवी मोटर मागवून ठेवा. १ च्या खाली गेली की ती लावूच नका. आमची ०.३ दाखवत होती. वायरी न सोडता मेगर मारला तर तुम्ही स्वतःच ड्राइव्ह उडवाल, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण मी एकाला तसं करताना धरलंय.

मोटर आणि केबल चांगली निघाली तरच ड्राइव्हवर संशय घ्यायचा. मीटर डायोडवर ठेवून डीसी लिंकच्या दोन टोकांपासून यू, व्ही, डब्ल्यूपर्यंत सहा मापं घ्या. सगळी एकमेकांच्या जवळपास हवीत. एखादं शून्य आलं तर आतला आयजीबीटी, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणारा स्विच, शॉर्ट आहे. दुसरी पद्धत अशी: मोटरच्या वायरी सुटलेल्याच ठेवून, त्यांची टोकं टेपने झाकून, मशीन चालू करा आणि इमर्जन्सी स्टॉपचं बटण सोडा. अलार्म तसाच आला तर दोष ॲम्प्लिफायरचा. पण झेड, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या ॲक्सिसवर हे करण्याआधी हेडखाली लाकडी ठोकळा द्या. सर्वो तयार झाला की ब्रेक सुटतो, मोटरला वायर नाही, म्हणजे हेड धरायला कुणीच नाही.

बदलण्याचं काम त्या मानाने सोपं. मोबाईलवर फोटो काढा, प्रत्येक वायरच्या टोकाला घातलेल्या फेरूलवरचा नंबर वाचता येतो का बघा, नसेल तर आधी नवा चढवा. पार्ट नंबर ए०६बी-६११४ इथपर्यंत जुळला म्हणून खूश होऊ नका, शेवटचा एच आणि त्यापुढचे आकडे जुळवा. अँपिअर आणि ॲक्सिसची संख्या तिथे लपलेली असते. ऑप्टिकल केबल सीओपी१०बी मध्ये येते आणि सीओपी१०ए मधून पुढे जाते. उलट घातली तर पुढचे ड्राइव्ह कंट्रोलला दिसतच नाहीत.

फॅनुकच्या सर्वो ॲम्प्लिफायरमध्ये पॅरामीटर नसतात, ते कंट्रोलमध्ये असतात. मित्सुबिशीच्या एमआर-जे४-ए या ड्राइव्हमध्ये मात्र ड्राइव्हच्याच पोटात असतात, म्हणून जुना जिवंत असेपर्यंत ते काढून ठेवा. जे४-बी वर ॲक्सिस नंबरचा एक गोल स्विच असतो, तो जुन्यावर होता तसाच ठेवायचा.

कंट्रोलचा मुख्य बोर्ड बदलायचा असेल तर खरी भीती तिथे आहे. पॅरामीटर, पिच एरर, ऑफसेट, सगळं एसरॅम नावाच्या मेमरीत, आणि ते ३ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर जगतं. मशीन चालू करताना उजवीकडच्या शेवटच्या दोन सॉफ्ट की दाबून धरल्या की बूट स्क्रीन येतो. तिथून कार्डावर बॅकअप घ्या. तो ब्रेकडाउनच्या दिवशी नव्हे, आज घ्या. मशीन विकणाऱ्याकडे बॅकअप असेल या भरवशावर मी एकदा दोन दिवस फोन करत बसलो होतो.

नवीन मुलांना सुपरवायझरचं "बदल आणि चालू कर" फार जड जातं. मी एवढंच म्हणतो, "साहेब, दहा मिनिटं मेगरला द्या." कुणी नाही म्हटलेलं आठवत नाही.

राहता राहिला शुक्रवार. तो बहुतेक वेळा ड्राइव्हचा नसतोच. ३०७ अलार्म आला म्हणजे मोटरची जागा मोजणाऱ्या एन्कोडरची ६ व्होल्टची बॅटरी उतरत चाललीय. ती न बदलता मशीन गुरुवारभर बंद राहिलं की शुक्रवारी ३०० येतो, झिरो, म्हणजे ॲक्सिसची मूळ जागा, हरवलेला असतो आणि टूल चेंजचा हात चुकीच्या उंचीवर जातो. बॅटरी कंट्रोल चालू ठेवून, इमर्जन्सी दाबूनच बदलायची. बंद मशीनवर काढून ठेवली की झिरो गेला समजा. आमच्याकडे पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख लिहितो आणि वर्षाने बदलतो. बुधवारी, दुसऱ्या शिफ्टला.