घोडा नको म्हणालो, खिमा आला: तुर्कीतली प्राण्यांची नावं शिकताना या चुका टाळा

माझ्याकडे तुर्की शिकायला येणारे बहुतेक जण मालिका बघता बघता येतात. आणि दुसऱ्या तासाला कुणीतरी म्हणतंच, "सर, प्राण्यांची यादी पाठवा ना, रविवारी पाठ करून टाकतो." यादी मी पाठवत नाही. का, ते सांगतो.

इस्तंबूलला गेलो तेव्हा माझ्या वहीत दोन शब्द एकाखाली एक होते: 'आत' म्हणजे घोडा, 'एत' म्हणजे मांस. दोन्ही एकाच रात्री घोकलेले. तिसऱ्या दिवशी दुपारी पोटात कावळे ओरडायला लागल्यावर एका लोकांतात, म्हणजे तिथल्या खानावळीत, शिरलो. काचेमागे भांड्यांतून वाफा येत होत्या. वाढणाऱ्या काकांना ठणकावून सांगितलं, "आत येमियोरुम." मी मांस खात नाही, असं म्हणायचं होतं. काका पळी हातात धरून क्षणभर थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, "आम्हीही नाही खात." मग मोठ्या आपुलकीने एक बशी पुढे सरकवली. तेलात मऊ झालेलं वांगं, वर टोमॅटोचा रस. मला तर भरलं वांगंच भेटल्यासारखं झालं. पहिल्या घासाला कळलं, पोटात खिमा होता. पदार्थाचं नाव 'कार्नियारिक', म्हणजे पोट चिरलेलं. काकांची काही चूक नव्हती. त्यांनी घोडा घातला नव्हता.

तेव्हापासून माझा नियम आहे की सारखे वाटणारे दोन शब्द एका आठवड्यात शिकायचे नाहीत. आधी घोडा पक्का करायचा. वहीत अर्थ लिहायचा नाही, चित्र काढायचं. ते गाढवासारखं आलं तरी चालेल. 'सात दिवसांत शंभर प्राणी' वाल्यांना हे संथ वाटतं. वाटू दे. आठव्या दिवशी त्यांच्याकडे शंभरातले बारा उरतात, आणि त्यांतले चार एकमेकांत मिसळलेले असतात.

दुसरी खोड त्याहून चिवट: उच्चार देवनागरीत लिहून ठेवणं. (मी इथे तेच करतोय, पण नाइलाजाने.) तुर्कीला १९२८ साली नवी लिपी मिळाली. अक्षरं २९, त्यांत स्वर आठ, आणि त्यांतले तीन मराठीत नाहीतच. 'कुश' म्हणजे पक्षी. हिवाळ्याचा शब्द वहीत तुम्ही 'किश' लिहाल, पण तो स्वर आपल्या 'इ'चा नाही. बिनटिंबाचं आय असतं ते. ओठ सैल ठेवून जीभ मागे ओढावी लागते. 'कुर्त' म्हणजे लांडगा (फळातली अळीसुद्धा). त्यातल्या 'उ'चे ओठ तसेच ठेवून आत 'ई' म्हणा, झाला कुर्द माणूस. ही गफलत चहाच्या टेबलावर करून बघू नका. रोमन अक्षरं इंग्रजी पद्धतीने वाचणारे वेगळेच. तुर्की 'सी' म्हणजे 'ज', त्यामुळे कोंबडीचं पिल्लू 'जिवजिव' आहे, 'सिवसिव' नाही. आपल्या चिवचिवाटाचं नातेवाईक वाटतं, तसंच लक्षात ठेवा.

आता 'हिंदी'. तुर्कीत हिंदी हा पक्षी आहे. आपण ज्याला टर्की म्हणतो तोच. मूळचा अमेरिकेतला. तुर्कांनी त्याला हिंदचा ठरवलं, इंग्रजांनी तुर्कांचा, आणि आपण इंग्रजांचा शब्द जसाच्या तसा उचलला. ३१ डिसेंबरच्या रात्री तिथे बऱ्याच घरांत तो भाजतात. अशाच एका जेवणाला माझा एक विद्यार्थी भाजलेल्या पक्ष्याशेजारी उभा राहून, छातीवर हात ठेवून म्हणाला, "बेन हिंदी." म्हणजे 'मी टर्की'. यजमानांनी त्याला दुसरी खुर्ची दिली, ताटापासून लांबची. भारतीय आहे असं सांगायचं तर 'हिंतलियिम'. भाषा म्हणायची असेल तर 'हिंतचे'.

खाण्यापिण्याचे नियम पाळणाऱ्यांसाठी. गाय म्हणजे 'इनेक' एवढं पाठ करून लोक दुकानात जातात आणि पाकिटावर इनेक दिसलं नाही की निर्धास्त होतात. तिथे मांसाच्या पाकिटावर इनेक सहसा लिहिलेलं नसतं. 'दाना' लिहिलेलं असतं, म्हणजे वासरू, नाहीतर 'सिइर', म्हणजे गुरं. पाटीवरचा 'दाना द्योनेर' (द्योनेर म्हणजे सळईवर फिरवत भाजलेलं मांस) वाचून शेंगदाण्याचं काहीतरी असेल म्हणणारा माणूस मी पाहिला आहे. 'तावुक' म्हणजे कोंबडी, आणि तिच्या नावाची एक दुधाची खीर मिळते. नाव गमतीने दिलेलं नाही, आत कोंबडीच्या छातीचे तंतू असतात.

आकड्यानंतर अनेकवचन करू नका. 'केदिलेर' म्हणजे मांजरं, पण तीन मांजरं 'उच केदी'.

बोका, भाटी, पिल्लू, यांचं लिंग विचारत बसू नका. तो, ती, ते, सगळ्यांना 'ओ'.

'आयी' म्हणजे अस्वल, आणि आडदांड माणसाला द्यायची शिवीही. खचाखच बसमध्ये एकाने माझ्या पायावर पाय दिला, मी कळवळून "आई गं!" म्हणालो. त्याने जे वळून पाहिलं! आता मी "बाप रे"वर आलोय. उलट 'आस्लान', सिंह, हे कौतुक. 'कुझू', कोकरू, हे लाडाचं.

आणि शेवटी मांजराचं. इस्तंबूलमध्ये गल्लीगल्लीत मांजरं आहेत, दुकानाच्या गल्ल्यावरसुद्धा. बोलवायचं तर 'पिसी पिसी'. हाकलायचं तर 'पिस्त'. माझी एक विद्यार्थिनी तिथे पंधरा दिवस हातात चीजचा तुकडा धरून "पिस्त, पिस्त" करत फिरली आणि परत येऊन म्हणाली, सर, तिथली मांजरं फार माणूसघाणी आहेत.