लातूरहून मुंबईला, कॉफी प्यायला: शनिवार-रविवारचा बेत

मुंबईला खास कॉफी प्यायला जाताय, तर गाडीत बसायच्या आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. दोन दिवसांत पाच कप. शनिवारी तीन, रविवारी दोन, त्याच्या वर नाही. यादी मोठी करायचा मोह होतो, पण काळ्या कॉफीच्या एका मोठ्या कपात साधारण १०० ते १५० मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि धडधाकट माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं मानतात. तीन कपांत हिशोब संपला. बीपीचा, पित्ताचा त्रास असेल तर आणखी कमी प्या. आणि शरीराच्या आधी जीभ दमते. चौथा कप कितीही चांगला असो, तो नुसता कडू लागतो आणि तीनशे रुपये वाया जातात.

माझी लातूरच्या मार्केट यार्डात आडत आहे. सोयाबीन, तूर, हरभरा. सौदा सुरू व्हायच्या आधी चहा, सौदा झाला की चहा, हिशोबाला बसलो की चहा. कॉफी म्हणजे लग्नात रात्री मशीनमधून येणारी गोड फेसाची. ही दुसरी, 'स्पेशालिटी' म्हणतात ती कॉफी मला पुतणीनं दाखवली. ती मुंबईत नोकरीला आहे. "काका, आधी साखर न घालता दोन घोट घ्या, मग बोला," एवढंच म्हणाली. चव आवडायला मला वेळ लागला, पण तिनं पुढं केलेल्या पुडीनं त्याच दिवशी धरून ठेवलं. पुडीवर मळ्याचं नाव होतं, वाण होतं, समुद्रसपाटीपासूनची उंची होती, दाणा कसा वाळवला ते होतं आणि कधी भाजला ती तारीख होती. आमच्याकडं औशाच्या शेतकऱ्याची तूर आणि रेणापूरच्या शेतकऱ्याची तूर डाळमिलला गेली की नाव तिथंच संपतं. पिशवीवर मिलचं नाव येतं. ज्यानं पिकवलं त्याचं नाव थेट गिऱ्हाइकाच्या हातात पडणारा माल मी पहिल्यांदाच पाहत होतो. तुम्हीही कॉफीचं दुकान निवडताना हेच बघा. मळा, वाण, प्रक्रिया आणि भाजल्याची तारीख, ही चार उत्तरं जिथं मिळतात तिथं बसा. जिथं नुसतं 'प्रीमियम' लिहिलंय तिथून पुढं चला.

स्पेशालिटी म्हणजे महाग सजावट नव्हे, ती प्रतवारी आहे. आपण सोयाबीनचं सॅम्पल हातावर पसरून माती, काडी, डागी दाणा बघतो, मॉइश्चर १२ च्या आत आहे का ते तपासतो, तसंच तिथं कच्च्या कॉफीचं बघतात. रूढ पद्धतीत ३५० ग्रॅमचं सॅम्पल घेतात. त्यात पूर्ण काळा, पूर्ण आंबलेला असा मोठा दोष एकही चालत नाही आणि किरकोळ दोष पाचाच्या वर चालत नाहीत. ओलावा १० ते १२ टक्के. मग भाजून, दळून, उकळीच्या जरा खालचं गरम पाणी ओतून, चमच्यानं चाखून शंभरापैकी गुण देतात. ८० आणि त्याच्या वर आली तर ती स्पेशालिटी. हे डोक्यात ठेवून गेलं की काउंटरवर बुजायला होत नाही. माल पारखायला आलोय, एवढंच.

लातूरहून मुंबईची रात्रीची गाडी धरा. शुक्रवारी रात्री बसलं की शनिवारी सकाळी दादर. रविवारी रात्री परत, सोमवारी सौद्याला हजर. बरोबर धपाटे-दही खुशाल न्या, पण शनिवारी सकाळपासून लसणाची चटणी, ठेचा, बडीशेप-पान बंद. तोंडात लसूण असेल तर कॉफीतलं बारीक काही कळत नाही. राहायला दादरच्या आसपास बघा, तिथून सगळ्या बाजूंना जाता येतं.

दादरला उतरून आधी माटुंगा. हा पहिला कप मुद्दाम ओळखीच्या चवीचा घ्यायचा. किंग्ज सर्कलजवळ १९४० पासूनचं कॅफे मद्रास आहे. इडली, उपमा आणि वाटी-पेल्यातली फिल्टर कॉफी. ती प्या आणि लक्षात ठेवा: गडद भाजलेला दाणा, बहुधा चिकोरी मिसळलेली, दूध भरपूर, साखर भरपूर. चिकोरी ही कॉफी नाही, ते भाजलेलं मूळ आहे. त्यानं दाटपणा येतो, रंग येतो. मला ही कॉफी मनापासून आवडते आणि पुढच्या चार कपांना तोलायला हीच मापाची. माटुंग्याच्या बाजारात कॉफी पावडरीची जुनी दुकानं आहेत. दारात नुसतं दोन मिनिटं उभं राहा, ताज्या दळलेल्या कॉफीचा वास नाकात बसू द्या.

तिथून वांद्रे. किंग्ज सर्कल स्टेशनवरून हार्बरची वांद्र्याकडं जाणारी लोकल धरली की माहीम आणि पुढं वांद्रे. पश्चिमेला उतरून रिक्षानं चॅपेल रोड. जुनी बैठी घरं, भिंतीभर चित्रं, अरुंद गल्ली. इथं एका जुन्या बंगल्यात २०२० साली सुरू झालेलं 'सबको' नावाचं कॉफीचं दुकान आहे. शनिवारी अकरानंतर दारात रांग लागते, म्हणून माटुंग्यात रेंगाळू नका.

आता ऑर्डरचं नीट सांगतो, कारण लोक इथंच अडखळतात. फळ्यावर वीस नावं असतात. ती सगळी सोडा आणि विचारा, "दादा, आज पोअरओव्हरला कोणता दाणा आहे? पहिल्यांदाच घेणाऱ्याला कोणता द्याल?" मराठीत विचारा नाहीतर हिंदीत. ही मुलं दिवसभर 'एक कॅपुचिनो' ऐकून कंटाळलेली असतात, कुणी दाण्याबद्दल विचारलं की मनापासून सांगतात. पोअरओव्हर म्हणजे कागदी गाळणीत दळलेली कॉफी घालून वरून हळूहळू गरम पाणी सोडायचं. साधारण १५ ग्रॅम कॉफीला २४० ग्रॅम पाणी, तीन-चार मिनिटं. सगळं काट्यावर मोजून. काउंटरजवळ उभं राहून हे बघा. पहिलं थोडंसं पाणी पडलं की कॉफी फुगते. भाजताना दाण्यात अडकलेला वायू बाहेर पडत असतो. चांगली फुगली म्हणजे भाजणी ताजी आहे.

दोघं असाल तर एक कप आणि एक रिकामा कप मागा. कुणी नाही म्हणत नाही. एकच कॉफी दोघांनी प्यायली की बोलायला विषय मिळतो आणि पाच कपांच्या हिशोबात जास्त दाणे चाखून होतात.

कप आला की लगेच पिऊ नका. पहिला घोट गरम असताना, दुसरा पाच मिनिटांनी, तिसरा कोमट झाल्यावर. आपल्याला चहा निवला की टाकून द्यायची सवय, पण ही कॉफी निवता निवता उघडत जाते. गरम असताना कडवटपणा पुढं येतो, कोमट झाल्यावर आंबट-गोड वर येतं. साखर घालायचीच असेल तर तिसऱ्या घोटानंतर. पुडीवर ब्लूबेरी, जास्मिन असलं काही लिहिलेलं असतं. ते कळलं नाही म्हणून हिरमुसू नका. आपल्या जिभेवर आहे तेच नाव द्या: आवळा, जांभूळ, चिंचेचा कोळ, गूळ, भाजलेले शेंगदाणे. मी पावतीच्या मागं हेच लिहितो आणि मळ्याचं नाव. पुढच्या वेळी तेच उपयोगी पडतं.

दोन शब्द मात्र शिकून जा. वॉश्ड आणि नॅचरल. वॉश्डमध्ये फळाची साल आणि गर काढून, धुऊन दाणा वाळवतात. चव स्वच्छ, नेमकी. नॅचरलमध्ये अख्खं फळ तसंच वाळवतात, दाण्यात फळाचा गोडवा आणि थोडा आंबलेला वास उतरतो. एकाच मळ्याचे दोन्ही प्रकार मिळत असतील तर शनिवारचे उरलेले दोन्ही कप त्यावरच खर्च करा. आणि वाण विचारा. आपल्याकडं शेतकरी बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ तूर मागतो, तसं कर्नाटकात बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्राचं एस ७९५ आहे. १९४० च्या दशकात शेतकऱ्यांना दिलेलं वाण आजही मळ्यांत उभं आहे आणि आजही चांगल्या पुड्यांवर त्याचं नाव येतं. बियाण्याच्या दुकानात रोज वाणांची नावं ऐकणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको.

तसे दोन प्रकार मिळाले नाहीत आणि पायात जोर असेल तर तिथून खारच्या चुईम गावात केसी रोस्टर्सला जा. गल्लीतलं छोटं ठिकाण आहे. शनिवारचा तिसरा कप इथं. संध्याकाळी पाचच्या पुढं कॉफी घेऊ नका, परगावच्या लॉजवर आधीच झोप लागत नाही.

रविवारी आधी मेगाब्लॉक बघा. मध्य, हार्बर, पश्चिम, तिन्हीकडं रविवारी दिवसा कामं काढतात आणि आपला गावाकडचा माणूस स्टेशनवर ताटकळतो. भूमिगत मेट्रो ३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे, ऑक्टोबर २०२५ पासून. रविवारी तिचाच भरवसा धरा.

महालक्ष्मीला लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात ब्लू टोकाई हे कॉफीचं दुकान आहे. ही मंडळी २०१३ साली दिल्लीत सुरू झाली, आता शाखा पुष्कळ. म्हणून कुणी नाक मुरडतात. मी नाही. नव्या माणसाला इथं दाण्यांचे प्रकार सोप्या भाषेत समजतात आणि माणसं घाई करत नाहीत. आंबटपणा अजिबात सोसत नसेल तर मॉन्सून्ड मलबार आहे का विचारा. यात पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामात कच्चा दाणा मुद्दाम पावसाळी वाऱ्यात पसरून ठेवतात. तो ओल धरतो, फुगतो, पिवळसर पडतो आणि आंबटपणा जवळजवळ जातो. आमच्या यार्डात सोयाबीन भिजलं की भाव पडतो, शेतकऱ्याचं तोंड उतरतं. इथं त्याच ओलीतून नावाजलेला माल तयार होतो, त्याला भौगोलिक मानांकन आहे. हा कप दुधाबरोबर घेतला तरी चालतो. दूध हवंच असेल तर कॅपुचिनोपेक्षा कोर्टाडो मागा. दूध कमी असतं, कॉफी कळते.

शेवटचा कप कुलाब्यात, अराकूचा. आंध्रातल्या अराकू खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांची ही कॉफी, पॅरिसमध्ये २०१७ ला हिचं दुकान निघालं. २०१९ मध्ये कुर्ग, वायनाड, चिकमगळूर आणि बाबाबुदनगिरीच्या जोडीनं अराकूलाही मानांकन मिळालं. छोट्या छोट्या तुकड्यांची शेती असलेल्या माणसांनी एकत्र येऊन मालाची प्रत टिकवली तर काय होतं, ते त्या कपात असतं. आपल्या शेतकरी कंपन्या चालवणाऱ्या पोरांनी हा कप आवर्जून प्यावा. महाग आहे, मान्य. एकच घ्या, दोघांत.

आता घरी काय न्यायचं. २५० ग्रॅमची एकच पुडी, जो कप सगळ्यात आवडला त्याचीच. पुडीवर 'रत्नागिरी इस्टेट' दिसलं तर कोकण समजू नका, तो मळा कर्नाटकातला आहे. भाजल्याला आठवडा ते तीन आठवडे झालेली बघा. अगदी कालची नको, दाण्यातला वायू थोडा निघून जायला हवा. घरी दळायचं यंत्र नसेल तर तिथंच 'फ्रेंच प्रेससाठी' (दट्ट्यानं जाळी खाली दाबून कॉफी गाळायचं भांडं) म्हणून जाडसर दळून मागा. मिक्सरमध्ये दळू नका, अर्धं पीठ नि अर्धी भरड होते.

आणि पाणी. मुंबईत चाखलेली चव लातूरला येत नाही, ती बहुतेक पाण्यामुळं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की कॉफी मातकट होते. आरओचं अगदी हलकं, त्यात ती फिकी पडते. कॉफीवाले टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, दीडशेच्या आसपास धरतात, ७५ ते २५० मध्ये निभतं. आरओच्या पाण्यात थोडं नळाचं मिसळा आणि शंभर-दोनशे रुपयांचं टीडीएस मीटर असेल तर त्यावर बघा. मग १५ ग्रॅम कॉफी, २४० मिली पाणी. गॅस बंद करून अर्धं मिनिट थांबा, मग ओता. चार मिनिटांनी गाळा. फ्रेंच प्रेस नसेल तर स्टीलचं झाकणाचं भांडं आणि धुवट मलमलचा तुकडा, तेवढ्यावर भागतं.

पुडीतली हवा दाबून काढा, घट्ट बंद करा, मसाल्याच्या डब्यांपासून लांब ठेवा. फ्रीजमध्ये नको, ओल धरते. उघडल्यावर महिन्याभरात संपवा. संपत आली की फोन करून किंवा त्यांच्या साईटवर मागवा, लातूरला कुरिअर येतं. मागवताना नुसती कॉफी मागू नका, मळ्याचं नाव सांगा आणि यंदाचा हंगाम आहे का ते विचारा. अरेबिका या कॉफीच्या जातीची तोडणी नोव्हेंबरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालते, त्यामुळं नवा माल भाजून दुकानात यायला उन्हाळा उजाडतो.